आपल्याच पोरांचा गेम आवडला नाही, तर?

प्रिय ताई,

मी २३ वर्षांचा, नाशिकचा. नोकरी सांभाळून मराठीत गेमिंगचं छोटंसं यूट्यूब चॅनेल चालवतो, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर रिव्ह्यूही लिहितो. कोल्हापूरच्या तीन मुलांनी नोकऱ्या सोडून, तीन वर्षं खपून सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर एक टूडी प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) केलाय, मराठी संवाद असलेला. त्यातला एक माझ्या मावसभावाचा मित्र. त्यांनी मला फुकट की, म्हणजे गेम उघडायचा कोड, पाठवली. ‘भावा, खेळून बघ आणि छान काहीतरी लिही,’ म्हणाले.

मी गेम पूर्ण केला. चित्रं फार सुंदर आहेत. पावसातला घाट बघून अंगावर काटा आला. पण उडी वेळेवर लागत नाही. तिसऱ्या लेव्हलमध्ये सेव्ह (साठवलेली प्रगती) उडाला आणि पाऊण तासाचा खेळ पुन्हा करावा लागला. पुढे आणखी एकदा तेच. मराठी अक्षरं जागोजागी फुटलेली दिसतात. किंमत ३४९ रुपये. मित्राला मी हा गेम घे म्हणणार नाही.

स्टीमवर त्यांना जेमतेम नऊ रिव्ह्यू आलेत, सगळे चांगले, बहुतेक ओळखीतल्यांचे असावेत. मी अंगठा खाली दिला तर माझ्यामुळे ते बुडतील का? मावसभाऊ म्हणतो, ‘मराठी पोरं काहीतरी करतायत, पाय ओढू नकोस.’ दुसरा मित्र म्हणतो, ‘३४९ पाण्यात’ एवढंच लिही, धो धो लाइक येतील. गप्पच बसू का? आणि लिहिलंच तर आधी त्यांना दाखवू का?

— गोंधळलेला, नाशिक


अरे, ‘मित्राला मी हा गेम घे म्हणणार नाही’ हे वाक्य तूच लिहिलं आहेस. म्हणजे मत तुझं ठरलेलं आहे. आता अडलंय ते धीरापाशी आणि शब्दांपाशी.

स्टीम नेमकं हेच विचारतं. दहापैकी किती, पाचपैकी किती तारे, असलं काही तिथे नाही. हा गेम दुसऱ्याला सुचवाल का, हो की नाही, संपलं. ही पद्धत मला स्वतःला फारशी पटत नाही. ‘बरा आहे, पण आत्ता घाई करू नका’ या मताला तिथे जागाच नाही, आणि बरेच गेम असतात ते याच जातीचे. पण प्रश्न असा विचारलाय म्हटल्यावर उत्तर त्याच प्रश्नाचं द्यावं. सुचवणार नसशील तर अंगठा खाली. चित्रं देखणी आहेत, मुलं मेहनती आहेत, हे सगळं सांगायला खाली मजकुराची जागा आहे, तिथे मोकळ्या हाताने लिही. काहीजण भीडेपोटी अंगठा वर देतात आणि खाली लिहितात, ‘सेव्ह उडाला, उडी लागत नाही.’ वाचणारा बुचकळ्यात पडतो आणि वरचा आकडा मात्र फुगतो.

ते बुडतील का, याचं उत्तर ऐकून तुझा अर्धा भार उतरेल आणि कदाचित जरा हिरमोडही होईल. तुझा अंगठा मोजलाच जाणार नाही. सप्टेंबर २०१६ पासून स्टीमचा नियम आहे की बाहेरून मिळालेल्या कीवर खेळणाऱ्यांचे रिव्ह्यू पानावर दिसतात, पण एकूण टक्केवारीत धरले जात नाहीत. धरले जातात ते स्टीमवर पैसे भरून घेणाऱ्यांचे. फुकट कोड वाटून वाहवा गोळा करण्याचा उद्योग काहींनी इतका केला की ही वेळ आली. शिवाय विकत घेणाऱ्यांचे दहा रिव्ह्यू होईपर्यंत एकूण शेरा लागतच नाही, आणि पुढे टक्केवारी ७० च्या खाली घसरली की पानावर ‘मिक्स्ड’ म्हणजे संमिश्र असा शेरा झळकतो. त्या मुलांचे डोळे दहाव्या रिव्ह्यूकडे लागले असणार, पण तो दहावा तू नाहीस. (सध्याच्या नऊपैकी तरी किती मोजलेत, कोण जाणे.)

तेव्हा तुझ्या हातात आकडा नाही, मजकूर आहे. आणि चॅनेल. रिव्ह्यू लिहिताना ‘गेम फुकट मिळाला’ असं सांगणारा चौकोन असतो, त्यावर खूण कर. व्हिडिओत सुरुवातीलाच बोलून टाक की गेमची की फुकट आलीय आणि बनवणाऱ्यांपैकी एकजण मावसभावाचा मित्र आहे. हे आधी सांगितलं की पुढची स्तुतीही खरी वाटते आणि टीकाही. नंतर कुणी शोधून काढलं तर दोन्ही खोट्या वाटतात.

आता मावसभाऊ. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात आपुलकी आहे. मराठी बोलणारा गेम ही अजून अपूर्वाईचीच गोष्ट. पैसे लावणारे कमी, शिकवणारे त्याहून कमी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण बघ. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’साठी २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी रेटत त्यांनी २०२० मध्ये गेम बाहेर आणला. देखणा गेम. दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून गोष्ट पुढे नेण्याची कल्पनाही छान. त्याचं कौतुक झालं, आणि त्याच लेखांमधून अनेक समीक्षकांनी हेही लिहिलं की लढाई अडखळते आणि शेवट मध्येच तोडल्यासारखा येतो. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली तेव्हा हिंदी आवाज आले होते आणि लढाईवरूनही पुन्हा हात फिरला होता. ‘लढाई अडखळते’ असं लिहिणाऱ्यांनी कुणाचे पाय ओढले, असं मला तरी वाटत नाही.

खेकड्यांची ती गोष्ट मराठी माणूस स्वतःबद्दल इतक्या वेळा सांगतो की आता तोंड उघडलं की आपण खेकडा ठरू, अशी धास्तीच बसलीय आपल्याला. वर चढणाऱ्याला खाली खेचणं वेगळं आणि पायरी निखळलीय हे ओरडून सांगणं वेगळं, इतपत फरक मावसभावालाही कळेल. त्याला एवढंच विचार: अकरावीतल्या कुणी पोराने साठवलेले ३४९ रुपये तुझ्या चॅनेलवर विश्वास ठेवून घातले आणि तिसऱ्या लेव्हलला त्याचा सेव्ह उडाला, तर पुढचा मराठी गेम तो घेईल का? तो पुढचा गेम कदाचित खरंच चांगला असेल. किंमत त्याच्या बनवणाऱ्यांना मोजावी लागेल.

याच्या उलटंही एक असतं आणि ते मला जास्त खुपतं: ‘शेवटी इंडियनच गेम, अजून काय होणार!’ हे वाक्य तुझ्या तोंडी चुकूनही येऊ देऊ नकोस. गेम आपल्याकडचा आहे म्हणून पाच मार्क जास्त देणारा आणि पाच मार्क कापणारा, दोघांनीही गेम नीट बघितलेला नसतो.

२०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा केवढी चर्चा झाली होती आठवतं? तू बहुधा कॉलेजातच असशील. तो निकाल योग्य होता की नाही यावर माझं मत अजूनही हेलकावे खातं. पण कडक निकाल द्यायचा असेल तर कारणं निकालापेक्षा ठळक अक्षरात हवीत, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

तेव्हा कारणांकडे येऊ. तुझ्याकडे तीन आहेत आणि तिन्हींची जात वेगळी आहे.

उडी. ‘उडी वेळेवर लागत नाही’ असं लिहिण्याआधी एक संध्याकाळ खर्च कर. ब्लूटूथ कंट्रोलर वापरत असशील तर तो बाजूला ठेव आणि कीबोर्डवर किंवा वायरच्या कंट्रोलरवर खेळून बघ. टीव्हीवर खेळत असशील तर त्याचा गेम मोड चालू आहे ना, ते बघ. बरेच टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतात आणि शिव्या बिचाऱ्या गेमला बसतात. तुझा लॅपटॉप त्यांनी लिहिलेल्या किमान गरजांमध्ये बसतो का, तेही तपास. मग त्याच मशीनवर दुसरा एखादा प्लॅटफॉर्मर थोडा वेळ खेळ. तिथे उडी हुकमी लागते आणि इथे नाही, असं दिसलं की मग बिनधास्त लिही.

प्लॅटफॉर्मर बनवणारे खेळाडूशी एक गोड लबाडी करत असतात. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत, म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत, उडी मान्य करतात. याला त्यांच्या भाषेत ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. जमिनीला टेकायच्या जरा आधी दाबलेलं बटणही लक्षात ठेवतात आणि टेकताक्षणी उडी देतात. २०१८ मधला ‘सेलेस्ट’ इतका अवघड असूनही हाताला चांगला लागतो, त्यामागे अशा बऱ्याच सवलती आहेत आणि बनवणाऱ्यांनी त्या उघडपणे सांगितल्यात. कोल्हापूरच्या मुलांनी ही सवलत ठेवली नसेल. किंवा आधी ॲनिमेशन आणि मग उडी, असा क्रम झाला असेल. किंवा तिसरंच काही. तुला ते बाहेरून कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. ‘यांना कोयोटी टाइमसुद्धा माहीत नाही’ असं लिहिलंस तर विद्वान दिसशील, पण त्यांचा कोड तू पाहिलेला नाहीस. जे घडलं ते लिही: ‘बुरुजाच्या कडेला येऊन बटण दाबलं की पुष्कळदा पात्र उडी न घेता सरळ खाली पडतं. कीबोर्ड आणि कंट्रोलर, दोन्हींवर हेच.’ घेणाऱ्याला यातून पुरेसं कळतं आणि बनवणाऱ्याला कुठे शोधायचं ते कळतं. उपाय त्यांचा त्यांना शोधू दे.

सेव्ह. उडी ही थोडीफार हाताच्या सवयीची बाब असते; तुला जड गेलेली उडी दुसऱ्या कुणाला आवडूही शकेल. सेव्ह उडणं कुणालाच आवडणार नाही. इथे मवाळ होऊ नकोस. गेम तिघांनी केला असो की तीनशे जणांनी, खेळणाऱ्याचा पाऊण तास तेवढाच वाया जातो. लहान स्टुडिओ म्हणून मी पार्श्वसंगीत मोजकं आहे हे चालवून घेईन, शत्रूंचे चारच प्रकार आहेत तेही चालवून घेईन, आवाज देणारे नट नाहीत हे तर माझ्या लक्षातही येणार नाही. सेव्ह मात्र चालवून घेणार नाही. पण कडक लिहायचं तर बारकावेही दे: कोणती लेव्हल, गेममधून बाहेर कसा पडलास, मेन्यूतून की खिडकीच थेट बंद करून, आणि आवृत्ती कोणती होती.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, ती रिव्ह्यूत हवीच. तिसरी लेव्हल किती वेळाने येते? स्टीमवर साधारणपणे १४ दिवसांच्या आत आणि खेळाचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. सेव्ह उडण्याचा प्रकार दोन तासांनंतर सुरू होत असेल, तर तोवर घेणाऱ्याचा परतीचा रस्ता जवळपास बंद झालेला असतो. पहिला दीड तास सुंदर चित्रांत निघून जातो आणि मग हे. ३४९ रुपये मोजणाऱ्याला तुझ्याकडून मिळणारी सगळ्यात उपयोगाची माहिती हीच असेल.

अक्षरं. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण या विषयावर लोक फार पटकन तोंड सोडतात. ‘मराठी पोरांचा गेम आणि मराठी धड लिहिता येत नाही’ हे वाक्य तुझ्या व्हिडिओखाली कुणीतरी टाकणार, पैज लाव. प्रत्यक्षात बहुतेक वेळा भानगड लिहिणाऱ्याची नसते. इंग्रजीत अक्षरापुढे अक्षर ठेवत गेलं की शब्द होतो. देवनागरीत ‘कि’ टाइप करताना आधी क येतो, पण वेलांटी दिसायला हवी त्याच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. जोडाक्षराचा आकारच निराळा. ही सगळी जुळणी करणारी वेगळी यंत्रणा लागते. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं दाखवायला सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो ही जुळणी आपणहून करत नाही. गोडो या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती चौथ्या आवृत्तीपासून आली. जुळणी नसली की ‘किल्ला’मधली वेलांटी क सोडून पुढच्या ल ला जाऊन चिकटते आणि ‘ल्ल’चा मोडका पाय उघडा पडतो. ज्या गेमचा विषयच किल्ले, त्यात हाच शब्द असा दिसावा! मग पोरं वेगळं प्लगइन शोधतात, नाहीतर एकेक संवाद चित्र म्हणून चिकटवत बसतात.

हे माहीत असल्यावर तुझं लिहिणं बदलेल. दोष दोषच राहतो, कारण गेम मराठी संवादांच्या नावाने विकला जातोय आणि संवाद वाचता येत नाहीत. पण तू लिहिशील, ‘जोडाक्षरं आणि वेलांट्या फुटतात, त्यामुळे काही संवाद अंदाजाने वाचावे लागतात.’ त्यांच्या मराठीवर घसरणार नाहीस. संवादांची वाक्यंच इंग्रजीवरून उचलल्यासारखी कृत्रिम असतील तर ती गोष्ट निराळी. ते स्वतंत्र लिही, एखादं वाक्य जसंच्या तसं देऊन.

‘३४९ पाण्यात’ला लाइक मिळतील, मित्र खोटं बोलत नाही. स्टीमवर रिव्ह्यूला ‘फनी’ म्हणून मत द्यायची सोयसुद्धा आहे. पण त्या दोन शब्दांतून घेणाऱ्याला काय कळलं? गेम छोटा आहे? चालत नाही? की तुला प्लॅटफॉर्मरच आवडत नाहीत? त्यातून बनवणाऱ्यालाही काही मिळत नाही, चिडण्याखेरीज. त्याच माळेतले आणखी काही शब्द वर्ज्य कर: आळशी, अर्धवट, पैसे उकळायचे धंदे. तुझ्यासमोर गेम होता. ती मुलं तीन वर्षं कशी वागली, किती झोपली, कशासाठी केलं, यातलं तू काही पाहिलेलं नाहीस. तसंच त्यांनी नोकऱ्या सोडल्या हेही रिव्ह्यूत घालू नकोस, दयेपोटीसुद्धा नको. नोकरी सोडल्याने उडी सुधारत नाही.

लांबीबद्दलही सांभाळून. तू गेम किती तासांचा ते लिहिलेलं नाहीस. छोटा असला तर ‘छोटा आहे’ ही माहिती म्हणून सांग, तक्रार म्हणून नाही. ‘समर ऑफ फिफ्टीएट’ नावाचा एक भयगेम २०२१ मध्ये आला होता, एमिका गेम्सचा. दोन तासांच्या आत संपणारा. लोकांनी तो पूर्ण खेळला, चांगला म्हटला आणि नियमात बसतंय म्हणून पैसेही परत घेतले. ते इतक्यांनी केलं की बनवणाऱ्याने गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. टोरांटोत बनलेला ‘वेण्बा’, तामिळ कुटुंबाचा आणि स्वयंपाकाचा तो २०२३ चा गेम, एका बैठकीत संपतो, आणि त्याला तेवढंच सांगायचं आहे. रुपयाला किती मिनिटं हा हिशेब मला भंगाराच्या वजनकाट्यासारखा वाटतो.

बनवणारे चिडले तर? चिडतील. स्टीमवर त्यांना तुझ्या रिव्ह्यूखाली जाहीर उत्तर देता येतं, कदाचित देतील. तिथे जुगलबंदी करू नकोस. त्यांनी चुकीची माहिती दाखवून दिली तर दुरुस्त कर, नाहीतर त्यांचं उत्तर तसंच राहू दे, वाचणारे दोन्ही वाचतात. टोकाचं उदाहरण हवं तर अमेरिकेत डिजिटल होमिसाइड नावाचा स्टुडिओ होता. २०१४ मध्ये त्यांच्या एका गेमवर एका नावाजलेल्या समीक्षकाने झोड उठवली. वाद वाढत गेला आणि २०१६ मध्ये स्टुडिओने त्या समीक्षकावर सुमारे एक कोटी डॉलरचा दावा ठोकला. तेवढ्यावर न थांबता त्याच वर्षी स्टीमवर वाईट बोलणाऱ्या १०० खातेदारांनाही कोर्टात खेचायला निघाले. तेव्हा स्टीम चालवणाऱ्या व्हाल्व्हने त्यांचे सगळे गेम दुकानातून उतरवले. २०१७ च्या फेब्रुवारीत समीक्षकावरचा दावाही निकालात निघाला. कोल्हापूरकर असलं काही करणार नाहीत. मावसभावाकडे तुझी तक्रार जाईल, फार तर.

आधी दाखवू का, याचं उत्तर निम्मं हो आणि निम्मं नाही. सेव्ह आणि अक्षरं ही मोडतोड आहे. ती त्यांना आजच ईमेलने कळव: काय केल्यावर काय झालं, स्क्रीनशॉट, मशीनचा तपशील. सोबत लिही की रिव्ह्यू अमुक दिवशी टाकणार आहे, तोवर दुरुस्ती आली तर त्यावर खेळून बघेन. आठवडा द्यायला हरकत नाही. तुझ्यामागे कुणी संपादक उभा नाही. रिव्ह्यूचा मसुदा मात्र दाखवू नकोस. तो दाखवलास की वाक्यावाक्याची घासाघीस सुरू होते. ‘दोनदा ऐवजी एकदा लिही ना भावा,’ इथून सुरुवात होईल आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना तुझी दमछाक होईल. त्यांनी ‘मग तू आमचा टेस्टरच हो’ असं सुचवलं तर आनंदाने हो, पण मग याच गेमचा रिव्ह्यू लिहू नकोस.

गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेला, असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांग. आणि रिव्ह्यू टाकला म्हणजे विषय संपला असं धरू नकोस. स्टीमवर तो कधीही बदलता येतो. इंग्लंडातल्या हॅलो गेम्सचा ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये आला तेव्हा आधी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या आणि लोकांनी तो अक्षरशः पायदळी तुडवला. त्या छोट्या चमूने मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले आणि २०२४ मध्ये स्टीमवरचा त्याचा एकूण शेरा ‘व्हेरी पॉझिटिव्ह’पर्यंत आला. त्यासाठी कितीजणांना परत येऊन खाली वळवलेला अंगठा वर करावा लागला असेल! मोठी दुरुस्ती आली की पुन्हा खेळ आणि जुना मजकूर न पुसता खाली तारीख टाकून नवं लिही.

लिहायचं कसं, हे अजून डोळ्यासमोर येत नसेल तर मी लिहिलं असतं ते असं:

‘की बनवणाऱ्यांकडून फुकट मिळाली, त्यांच्यातला एकजण माझ्या ओळखीतला आहे. किल्ल्यांची आणि पावसाची चित्रं यंदा मी पाहिलेल्या गेममध्ये सर्वांत सुंदर. केवळ त्यासाठी ट्रेलर जरूर बघा. पण आज हा गेम घ्या असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या लेव्हलमध्ये आणि नंतर आणखी एकदा माझा सेव्ह नाहीसा झाला, पाऊण तासाचा खेळ पुन्हा करावा लागला. कडेवरून घेतलेली उडी पुष्कळदा लागत नाही, कीबोर्डवरही. मराठी जोडाक्षरं फुटतात. अवघड, हळू चालणारे प्लॅटफॉर्मर ज्यांना आवडतात त्यांनी यादीत टाकून ठेवावा. सेव्हची दुरुस्ती आली की मी इथे लिहीन. आवृत्ती आणि तारीख खाली.’

यात शिवी नाही आणि साखरही नाही. तुझ्या भाषेत आणखी चांगलं होईल. आणि चित्रांचं कौतुक टीकेवर गुंडाळलेला कागद म्हणून करू नकोस. तुझ्या अंगावर काटा आला तो खरा होता, तर त्याला पूर्ण वाक्य दे, कोणता घाट, कोणता प्रसंग, ते सांगून.

व्हिडिओची थंबनेल साधी ठेव. त्या मुलांचे चेहरे त्यावर नकोत आणि लाल बाणही नकोत. खाली कुणीतरी ‘चला रे, सगळे जाऊन डाउन करूया’ असं लिहिणार. झुंडीने रिव्ह्यू पाडण्याचा हा प्रकार इतका बोकाळला की स्टीमला २०१७ मध्ये रिव्ह्यूंचा आलेख दाखवायला सुरुवात करावी लागली, आणि २०१९ पासून विषय सोडून होणारे असे हल्ले एकूण शेऱ्यातून वगळायची सोय करावी लागली. नऊ रिव्ह्यूंच्या गेमला झुंडसुद्धा लागत नाही, सातआठ टवाळ पुरतात. ती कमेंट काढून टाक आणि ज्यांनी गेम खेळला नाही त्यांनी रिव्ह्यू देऊ नये, असं वरती पिन कर.

व्हिडिओ चढवलास की मावसभावाला लिंक तू स्वतः पाठव, त्याला ती दुसऱ्या कुणाकडून मिळायच्या आत.